कडेगावचा दस्तूर कुठे लिहिलाय?

मराठीत ‘दस्तूर’ म्हणजे रीत, चाल, वहिवाट. ‘आमच्याकडे असा दस्तूर नाही’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतं. हाच शब्द अरबीत ‘दुस्तूर’ होतो आणि तिथे त्याचा अर्थ राज्यघटना. उर्दूतही घटनेला दस्तूर म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाने आपण गावची न लिहिलेली चाल सांगतो आणि दुसरीकडे लोक देशाचा लिहिलेला सर्वोच्च कायदा सांगतात.

‘उर्फ’चंही तसंच. मराठीत तो दुसऱ्या नावाआधी येतो, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘सगळ्यांना ठाऊक असलेलं’. इस्लामी कायदेशास्त्रात ‘उर्फ’ म्हणजे लोकांत रूढ असलेली चाल, आणि शरियतच्या चौकटीत बसणाऱ्या चालीला तिथे वजन आहे. उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाची दिवाणी संहिता तयार केली. तिच्या ३६व्या कलमात हे तत्त्वच घालून दिलं आहे : वादात रूढी ही निवाडा देणारी असते.

हे आठवण्याचं कारण कडेगावचा मोहरम.

न लिहिलेली घटना

कडेगाव आज सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. पूर्वी ते खानापूर तालुक्यात होतं, आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सगळा भाग सातारा जिल्ह्यातच मोडायचा. इथले ताबूत त्यांच्या उंचीमुळे महाराष्ट्रभर माहीत आहेत. शंभर फुटांच्या वर जाणारे, बांबूचे, रंगीत कागदांनी मढवलेले ताबूत. ते बांधण्याची रीतही उलटी : आधी कळस, मग पाया. वरचा मजला बांधून तो उचलायचा आणि खाली पुढचा मजला जोडायचा.

उंचीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ताबुतांच्या नावांत आहे. पाटील, देशपांडे, शेटे, हकीम, अत्तार, बागवान, सातभाई. यात हिंदू घराणी आहेत, मुसलमान घराणी आहेत, वतनदार आहेत आणि पेशेवाले आहेत. कुणाचा ताबूत आधी हलतो, कोण कुणाच्या ताबुताला खांदा देतं, भेटी कुठे होतात, त्या वेळी कोण गाणी म्हणतं, हे सगळं ठरलेलं आहे. दीडशे वर्षांहून जुनी ही परंपरा असल्याचं सांगितलं जातं.

आता प्रश्न असा की हे ठरवलं कुणी आणि लिहिलंय कुठे? हल्ली हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. एक बाजू विचारते, हिंदूंनी ताबूत बसवावा असं कुठे लिहिलंय? दुसरी बाजू विचारते, मुसलमानाने ताबूत बसवावा असं तरी कुठे लिहिलंय? दुसऱ्या प्रश्नाला धार्मिक आधार आहे. आपल्यातले अनेक उलेमा ताबुताला बिदअत मानतात आणि ते मत प्रामाणिक आहे. पण दोन्ही प्रश्नांचा सूर सारखाच आहे : जे लिहिलेलं नाही ते नियम नाही.

इतिहास या म्हणण्याला दुजोरा देत नाही. ब्रिटनला आजही एका पुस्तकात सापडेल अशी राज्यघटना नाही. १२१५चा मॅग्ना कार्टा, १६८९चा हक्कांचा कायदा, १७०१चा वारसा कायदा, न्यायालयांचे निवाडे हे तिचे लेखी आधार. पण राज्य खऱ्या अर्थाने चालतं ते संकेतांवर. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाने संमती नाकारू नये असं कोणत्याही कायद्यात म्हटलेलं नाही. तरी १७०८ मध्ये अ‍ॅन राणीने ती नाकारली, त्यानंतर कुणीही नाकारलेली नाही. ए. व्ही. डायसी या कायदेपंडिताने १८८५ मध्ये हा फरक स्पष्ट मांडला : कायदा न्यायालय अंमलात आणतं, संकेत न्यायालय अंमलात आणत नाही, आणि तरी संकेत पाळले जातात.

साताऱ्याहून आलेली वस्त्रं

इतकं लांब जायचीही गरज नाही. कडेगाव ज्या मुलखात आहे त्या मुलखावरचं मराठ्यांचं राज्यही असंच चालायचं.

त्या राज्याला लेखी आधार होते. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र होतं. सातारा आणि कोल्हापूर यांच्यातला १७३१चा वारणेचा तह होता. १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यावर पुढच्याच वर्षी सांगोल्याला झालेला करार होता, ज्याने कारभाराची सूत्रं पेशव्यांकडे गेली. पण पेशव्यांचा अधिकार यापैकी एकाही कागदात पूर्ण मावत नाही. तो एका संकेतावर उभा होता : छत्रपतींकडून वस्त्रं आल्याशिवाय पेशवा होता येत नाही.

प्रत्यक्ष सत्ता पुण्यात होती आणि छत्रपती साताऱ्यात जवळपास नजरकैदेत. तरी वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ला पुरंदरवर झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी वस्त्रं आणवली गेली. बारभाईंकडे फौज होती, पैसा होता, नाना फडणीसांची बुद्धी होती. तरी त्या वस्त्रांशिवाय आपलं काम कायदेशीर ठरत नाही हे ते ओळखून होते. रघुनाथरावांनीही वस्त्रं मिळवली होती. म्हणजे वाद वस्त्रांच्या नियमाबद्दल नव्हता. नियम दोघांनाही मान्य होता.

मात्र यातला धोकाही बघायला हवा. संकेताचा साचा शाबूत राहिला आणि आतला अर्थ निघून गेला. वस्त्रं देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच उरली नाही. ज्या संकेतात एका बाजूला नकाराची सोय राहत नाही, तो संकेत नुसता सोहळा होतो.

आणि कागदाने तरी काय वाचवलं? १८१९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांशी लेखी तह केला. वारस आणि उत्तराधिकारी यांचा त्यात उल्लेख होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी यांनी मरणापूर्वी दत्तक घेतला. दत्तक ही इथली जुनी, सर्वमान्य चाल. लॉर्ड डलहौसीने ती नाकारली आणि सातारा खालसा केलं. शब्द कागदावर होते, पण त्यांचा अर्थ ठरवणारा एकच पक्ष उरला होता.

महजर आणि मुलाणी

गावपातळीवर त्या काळी न्याय कसा चालायचा याचा पुरावा महजरांमध्ये आहे. महजर हा अरबी-फारसी शब्द. वतनाचा, मानपानाचा, हद्दीचा तंटा आला की गोत बसायचं. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक. आदिलशाहीच्या काळात काझीही हजर असायचा. साक्षी व्हायच्या आणि निर्णयाचा कागद तयार व्हायचा. खाली सह्यांच्या जागी निशाण्या असायच्या, कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू.

महजराने बहुतेक वेळा नवा नियम केलेला नसतो. सगळ्यांना जे आधीपासून ठाऊक आहे ते सगळ्यांसमोर बोलवून घेतलेलं असतं. उर्फ म्हणजे ‘ठाऊक असलेलं’, हा अर्थ इथे तंतोतंत लागू पडतो.

त्या बलुतेदारांच्या अनेक याद्यांमध्ये मुलाणी आहे. मशिदीची देखभाल, बकरं हलाल करणं ही त्याची कामं, आणि त्याबद्दल शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. हा हक्क कुठल्या बादशहाने फर्मान काढून दिलेला नव्हता. गावगाड्याच्या रचनेत तो होता. कडेगावच्या ताबुतांची नावं वतनांची आणि पेशांची का आहेत, हे या रचनेकडे पाहिलं की समजतं. मोहरममधला मान हा गावच्या रचनेतला मान होता. त्या रचनेत जातीची उतरंडही होती, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

न्यायालय रस्ता देतं, खांदा देत नाही

इंग्रज आल्यावर चालीला कायद्यात जागा मिळाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यासाठी १८२७ची नियमावली झाली. तिच्यातल्या चौथ्या नियमाच्या २६व्या कलमाने न्यायाधीशाने निवाडा कशावर द्यायचा याचा क्रम लावून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर त्या मुलखाची वहिवाट. ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा. तोही नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. वहिवाटीचं स्थान वरून दुसरं होतं, धर्मग्रंथांवर आधारलेल्या कायद्याच्याही वर.

मग ताबुताची वहिवाटही न्यायालयात गेली. १८७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयासमोर सतकू वलद कादिर विरुद्ध इब्राहीम आगा हा खटला आला. वाद होता सार्वजनिक रस्त्यावरून ताबूत नेण्याचा, आणि दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. न्यायालयाचा निर्णय असा : सार्वजनिक रस्त्यावर अडवणूक झाली म्हणून, स्वतःचं काही खास नुकसान दाखवल्याशिवाय, कुणाला दिवाणी दावा लावता येत नाही. पुढे १९२४ मध्ये मंजूर हसन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने वेगळी भूमिका घेतली. तो वाद उत्तरेकडचा होता, शियांच्या मोहरमच्या मिरवणुकीने मशिदीजवळ थांबून मातम करण्याचा. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, धार्मिक मिरवणूक तिच्या रीतीप्रमाणे रस्त्यावरून नेण्याचा हक्क आहे. अट इतकीच की मॅजिस्ट्रेटचे योग्य आदेश आणि इतरांचा रस्त्यावरचा हक्क पाळला पाहिजे.

हा निर्णय मोलाचा आहे. पण त्यातून मिळतं काय, तर रस्ता. पाटलांच्या घरच्या माणसाने अत्तारांच्या ताबुताला खांदा द्यावा, असा हुकूम जगातलं कुठलंही न्यायालय काढू शकत नाही.

पुण्यात हे एका वर्षात दिसलं. तिथेही मोहरममध्ये हिंदूंचा मोठा सहभाग असायचा. ते ताबूत बसवायचे, वाजंत्री वाजवायचे, फकीर व्हायचे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली आणि वातावरण बिघडलं. १८९४ मध्ये पुण्यातल्या हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर मोहरमकडे पाठ फिरवली आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सव मेळ्यांसह जोमाने साजरा झाला. कुणी कायदा मोडला नाही. कुणावर खटला होण्याचा प्रश्नच नव्हता. लोक फक्त आले नाहीत.

यात गणेशोत्सवाला दोष देण्यात अर्थ नाही. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत अनेक वर्षं गणपती मशिदीत बसतो. दोष सणाचा नसतो. पण संकेताचं मरण कसं असतं ते १८९४ने दाखवलं : एक वर्ष खंड पडतो आणि दुसऱ्या वर्षी तो खंडच रीत होतो.

अशा वेळी मोठी राज्यं काय करतात? संकेत मोडला की तो लिहून काढतात. ब्रिटनमध्ये अर्थसंकल्प अडवायचा नाही हा लॉर्डांच्या सभागृहाचा संकेत होता. १९०९ मध्ये तो मोडला आणि १९११ मध्ये कायदा झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने दोनच कारकिर्दी करायच्या ही वॉशिंग्टनपासूनची चाल. १९४० मध्ये रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले आणि १९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली. आपल्याकडेही राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे हे मूळ घटनेत स्पष्ट शब्दांत नव्हतं. ते संकेताने आणि न्यायालयाच्या निवाड्यांनी चालत आलं, आणि १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने ७४व्या कलमात लिहिलं गेलं. लेखी घटनेच्या आतही न लिहिलेली घटना असतेच.

प्रत्येक दस्तूर जपण्यासारखा नसतो

इथवर वाचून कुणाला वाटेल की न लिहिलेलं सगळंच चांगलं. आपल्याच समाजाचा इतिहास तसं सांगत नाही.

१८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि मेमन यांचा खटला चालला. मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा हवा होता. कुरआनमधल्या सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितलेला आहे. पण या जमातींत मुलींना वारसा न देण्याची चाल होती आणि पेरी यांनी ती चाल ग्राह्य धरली. दस्तूर जिंकला, मुली हरल्या.

पुढे १९३७ मध्ये शरियत कायदा झाला. ‘विरुद्ध रूढी असली तरी’ वारसा, विवाह, तलाक अशा बाबतींत मुसलमानांना शरियत लागू होईल, असं त्याने ठरवलं. स्त्रियांना रूढीने नाकारलेला वाटा परत मिळावा हा त्यामागचा एक मोठा युक्तिवाद होता. पण त्याच कलमात शेतजमीन वगळली गेली. खेड्यात मालमत्ता म्हणजे जमीनच, हे सांगायला नको.

आणि आज? आपल्या भागात बाप गेल्यावर बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची, हा एक न लिहिलेला नियम आहे. हिंदू घरात आहे आणि मुसलमान घरातही आहे. कुरआनने वाटा दिला, कायद्याने वाटा दिला, आणि दस्तुराने तो माहेर टिकवण्याच्या बदल्यात काढून घेतला. इथे संकेत इतका बळकट आहे की त्याच्यापुढे दोन लेखी कायदे गप्प बसतात.

मग जपायचं काय आणि मोडायचं काय? आपल्या घटनेच्या १३व्या कलमात याचं एक माप आहे. ‘कायदा’ या शब्दात त्या कलमाने कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परिपाठही धरले आहेत, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो असं सांगितलं आहे. म्हणजे रूढीला कायद्याचा मान आहे आणि कायद्याचं उत्तरदायित्वही आहे. साध्या भाषेत विचारायचं झालं तर : हा दस्तूर पाळताना कुणाचं तरी तोंड दाबलं जातं का? ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्याला ‘नाही’ म्हणता येतं का?

हक्कसोडीला हे माप लावा. बहीण ‘नाही’ म्हणाली तर माहेर तुटतं. कडेगावच्या ताबुताला लावा. खांदा न देणाऱ्याची जमीन जात नाही, त्याचं घर तुटत नाही. तरी तो येतो. दोन्ही दस्तूर जुने आहेत, पण एक संमतीवर उभा आहे आणि दुसरा दडपणावर.

बैअतचा अर्थ

मोहरमचा आणि या प्रश्नाचा संबंध वरवरचा नाही. पैगंबरांच्या ६३२ मधल्या निधनानंतर खलिफा कसा निवडायचा याचा लेखी नियम नव्हता. अबू बक्र यांची निवड सकीफाच्या बैठकीत झाली, उमर यांचं नाव अबू बक्र यांनी सुचवलं, उस्मान यांची निवड सहा जणांच्या शूराने केली, अली यांना मदीनेतल्या लोकांनी पुढे केलं. शिया परंपरा या क्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहते. पण या चौघांच्या बाबतीत बापाने मुलाला गादी दिली नव्हती आणि लोकांच्या बैअतशिवाय, म्हणजे संमतीच्या शपथेशिवाय, कुणी खलिफा झाला नव्हता. मुआवियांनी आपल्या मुलासाठी, यझीदसाठी, हयातीतच बैअत घ्यायला सुरुवात केली तेव्हा हा न लिहिलेला नियम मोडला. इमाम हुसेन यांनी बैअत नाकारली आणि ६८० मध्ये करबलेत ते शहीद झाले.

म्हणजे ज्यांची याद म्हणून कडेगावात ताबूत उचलला जातो, त्यांची शहादत जबरदस्तीच्या संमतीविरुद्धची आहे. ताबूत धर्मात बसतो की नाही यावर मतभेद राहतील, राहू द्यावेत. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दुःखाला आपण होऊन खांदा देणं, हे त्या शहादतीच्या अर्थाला धरूनच आहे.

मग कडेगावचा दस्तूर लिहून काढावा का? नोंद जरूर व्हावी. बांबू बांधणाऱ्या हातांचं कसब, भेटीच्या वेळची गाणी, घराण्यांच्या आठवणी, जुने कागद, हे आत्ता टिपलं नाही तर जुन्या माणसांबरोबर जाईल. पण ती नोंद महजरासारखी असावी, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या निशाणीने. एकाच बाजूने लिहिलेला मान उद्या हक्क बनतो, हक्काचा दावा होतो, आणि दाव्यात एक जण जिंकतो.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. त्यामुळे मोहरम साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कडेगावचे ताबूत पेरणीत निघाले असतील, सुगीत निघाले असतील, गणेशोत्सवाच्या दिवसांतही निघाले असतील. त्या प्रत्येक वेळी गावाला बसून ठरवावं लागलं असणार : यंदा कसं करायचं? ‘कुठे लिहिलंय’ असं विचारणाऱ्याला तेच उत्तर द्यावं. दरवर्षी बसून ठरवतात, आणि ठरवायला सगळे येतात. ज्या वर्षी कुणी एक बाजू यायची थांबेल, त्या वर्षी कितीही जाड पुस्तकात लिहून ठेवलेलं असलं तरी कामाला येणार नाही.